उडी विसरलेला मारिओ

१९९२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, विल्मिंग्टनजवळच्या एका बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात अख्खं शहर उभं राहिलं. गंजके पूल, निऑनच्या पाट्या, भिंतींवर लोंबणारी बुरशी. नेपथ्य डेव्हिड स्नायडर यांचं होतं. ‘ब्लेड रनर’च्या कलादिग्दर्शनात त्यांचा हात होता. निर्माते रोलंड जोफे यांच्या नावावर दिग्दर्शक म्हणून ‘द किलिंग फील्ड्स’ आणि ‘द मिशन’ जमा होते. नायक बॉब हॉस्किन्स, खलनायक डेनिस हॉपर. म्हणजे माणसं हलकी नव्हती आणि साडेचार कोटी डॉलरच्या आसपासचा खर्चही त्या काळी हलका नव्हता. चित्रपट होता ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, एका गाजलेल्या व्हिडिओ गेमवरून हॉलिवूडने केलेला पहिला मोठा चित्रपट. डायनासोर नष्ट न होता एका समांतर जगात माणसासारखे उत्क्रांत झाले, अशी कल्पना त्यात लढवली होती. २८ मे १९९३ ला तो झळकला आणि दोनच आठवड्यांनी ‘जुरासिक पार्क’चे खरेखुरे वाटणारे डायनासोर पडद्यावर आले. मारिओने अमेरिकेत जेमतेम दोन कोटी दहा लाख डॉलर मिळवले. पुढे २००७ मध्ये हॉस्किन्सना कारकिर्दीतलं सर्वांत वाईट काम कोणतं असं विचारलं, तेव्हा त्यांनी हाच चित्रपट सांगितला. या फजितीची कारणं अनेक सांगितली जातात: ऐन चित्रीकरणाच्या तोंडावर बदललेली पटकथा, सेटवरची भांडणं, चुकलेला मुहूर्त. पण सगळ्यांत बोलकी गोष्ट चित्रपटातच आहे आणि ती पायात आहे. या मारिओला उडी मारता येत नाही. उडी मारायची तर त्याला यांत्रिक बूट घालावे लागतात.

ही क्षुल्लक बाब वाटेल, म्हणून या पात्राचा जन्म आठवावा लागेल. १९८१ मध्ये निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ हा खेळ केला, त्यातला नायक म्हणजे हाच मिशीवाला. तेव्हा त्याला मारिओ हे नावही नव्हतं. तो ‘जंपमॅन’ होता, म्हणजे निव्वळ उडीबहाद्दर. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला पडदा पाहिला तर ही उडी काय चीज आहे ते कळतं. मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचं कुठे हे न सांगता समजतं. समोरून एक चिडका अळंबीसारखा प्राणी येतो. त्याला धडकलो की मेलो, वरून उडी मारली की तो चेपला. डोक्यावर प्रश्नचिन्हाचा ठोकळा, त्याला खालून टक्कर दिली की नाणं निघतं. पुढच्या ठोकळ्यातून खरी अळंबी निघते, उजवीकडे घरंगळत जाते, नळकांड्यावर आपटून परत आपल्याच अंगावर येते. नवखा खेळाडू शत्रू समजून दचकतो, पण वर ठोकळे असल्याने त्याला धड पळता येत नाही. अळंबी अंगाला लागते आणि मारिओ मोठा होतो. एका शब्दाशिवाय, अर्ध्या मिनिटात सगळे नियम शिकवून झालेले असतात आणि ते शिकलेले असतात अंगठ्याने. या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांवर, फुंकर मारून बसवलेल्या ‘कॅसेट’मधून ज्यांनी हा खेळ खेळला, त्यांनाही राजकन्येची कथा फारशी आठवणार नाही. कोणत्या खड्ड्यापाशी किती आधी बटण दाबायचं, हे मात्र आठवेल.

व्हिडिओ गेमवरच्या चित्रपटांच्या तीस वर्षांच्या इतिहासाची किल्ली मला या आठवणीत दिसते. कादंबरीचं चित्रपटात माध्यमांतर होतं, तेव्हा वाचकाकडून शब्द काढून घेतले जातात आणि बदल्यात चेहरे, आवाज, प्रकाश दिला जातो. नाटकाचं होतं, तेव्हा समोरचा जिवंत नट जातो आणि त्याच्या डोळ्यांजवळ जाण्याची सोय मिळते. खेळाच्या बाबतीत जो काढून घेतला जातो तो खेळाडूचा हात. त्याच्याबरोबर त्या हाताचं वारंवार चुकणं जातं, कारण मरणं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं हाच तर खेळण्यातला बहुतेक वेळ असतो. मग प्रश्न उरतो तो असा: हात काढून घेतल्यावर प्रेक्षकाच्या पदरात काय टाकायचं? ज्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला, निदान नकळत त्याचं उत्तर दिलं, त्यांचे चित्रपट उभे राहिले. बाकीच्यांनी नाव, वेश आणि कथानक विकत घेतलं आणि खेळ दुकानातच राहिला.

याविरुद्ध सर्वांत जुना आक्षेप असा की, दोष खेळांचाच होता. सुरुवातीच्या खेळांना कथाच नव्हती, मग चित्रपट कशाचा काढणार? हा आक्षेप दोन वर्षांतच निकालात निघाला. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा १९९२ चा खेळ कथेच्या दृष्टीने मारिओहून श्रीमंत म्हणावा असा नव्हता. दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात, एक पडतो, जिंकणाऱ्यापुढे नवा उभा राहतो. त्यातल्या रक्तपातामुळे अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये खेळांना वयोगटाचं मानांकन देणारं मंडळ अस्तित्वात आलं. १९९५ मध्ये पॉल अँडरसन यांनी त्यावर चित्रपट केला, तो जेमतेम दोन कोटी डॉलरमध्ये, आणि त्याने जगभरात १२ कोटींहून अधिक मिळवले. त्यांनी खेळाला गोष्ट चिकटवण्याचा फारसा खटाटोप केला नाही. खेळाची चौकट तशीच उचलली: बेटावरची कुस्त्यांची दंगल म्हणा ना, एकामागून एक जोड. चाचणी प्रदर्शनांना आलेल्या प्रेक्षकांनी आणखी झुंजी मागितल्या, तेव्हा त्या नव्याने चित्रित करून घातल्या. ज्या रक्तामुळे खेळ बदनाम झाला ते रक्त चित्रपटात जवळपास नव्हतं, तरी खेळाडूंना आपला खेळ ओळखू आला. कारण प्रत्येक योद्ध्याचा खास डाव, तो डाव पडण्याआधीचा क्षणभराचा थांबा आणि पार्श्वभूमीला धडधडणारं संगीत, हे सगळं शाबूत होतं. आखाड्याचा बाज ज्याला कळतो, त्याला कुस्ती दाखवायला कथानक लागत नाही.

अँडरसन यांचंच दुसरं उदाहरण अधिक अडचणीचं आहे. २००२ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ची नायिका अ‍ॅलिस ही मूळ खेळात नाहीच. कथानकही मूळ खेळाचं नव्हे. मूळ खेळाशी प्रामाणिक राहणं हीच कसोटी मानली तर हा चित्रपट पहिल्याच फेरीत बाद व्हायला हवा. प्रत्यक्षात २०१६ पर्यंत त्याचे सहा भाग आले आणि त्यांनी मिळून १२० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. समीक्षकांनी त्यांना नावं ठेवली आणि त्यातली बरीच रास्त होती, पण टिकण्याचं कारण पटकथेत शोधून सापडत नाही. ते मांडणीत आहे. जमिनीखालच्या प्रयोगशाळेचा नकाशा अधूनमधून रेषांच्या आकृतीत पडद्यावर येतो, आपण कोणत्या मजल्यावर आहोत ते कळतं, एक दार उघडतं, दुसरं बंद होतं. प्रत्येक खोलीला स्वतःचा नियम आहे आणि तो चुकला की माणूस मरतो. लेझरच्या किरणांनी भरलेल्या बोळातला प्रसंग याचा उत्तम नमुना. किरण एकदा खाली येतात, मग वर, मग जाळी होऊन. पाहणाऱ्याचे पाय खुर्चीत आखडतात, कारण आपण असतो तर कधी उडी मारली असती हा हिशेब तो आपोआप करू लागतो. २००५ मध्ये आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ या खेळात तसाच लेझरचा बोळ दिसला, म्हणजे खेळाने चित्रपटाकडून उसनवारी केली. जो प्रसंग खेळात परत जाऊ शकतो, तो मुळात खेळाच्या जातीचा होता.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे. हॉलिवूडला खेळांची कदर नव्हती, म्हणून चित्रपट बिघडले. खेळ घडवणाऱ्यांच्या हाती सूत्रं दिली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. यात काही तथ्य जरूर आहे. १९९३ च्या मारिओ चित्रपटासाठी निन्टेंडोने हक्क दिले आणि निर्मितीपासून अंतर राखलं. पण सूत्रं घरच्यांच्या हाती असलेली उदाहरणंही इतिहासात आहेत आणि ती फार उत्साहवर्धक नाहीत. ‘फायनल फँटसी’ या खेळमालिकेचे जनक हिरोनोबू साकागुची यांनी २००१ मध्ये स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला. त्यासाठी स्क्वेअर कंपनीने होनोलुलूला स्वतंत्र स्टुडिओ थाटला. संगणकावर घडवलेल्या नायिकेच्या डोक्यावरच्या साठ हजार केसांची हालचाल वेगवेगळी हिशेबात धरली गेली. खर्च १३ कोटी डॉलरच्या पुढे गेला, उत्पन्न साडेआठ कोटींच्या आसपास राहिलं आणि स्टुडिओला टाळं लागलं. केस मोजले, पण सवंगडी गोळा करत, नकाशा पायाखाली घालत, हळूहळू बळ वाढवत जाण्याचा जो दीर्घ प्रवास खेळाडू या मालिकेत करतात, त्याचा मागमूस चित्रपटात नव्हता. २०१६ च्या ‘असॅसिन्स क्रीड’चीही तीच गत. हा खेळ घडवणाऱ्या युबिसॉफ्टने चित्रपटांसाठी स्वतःची कंपनी काढली, मायकेल फासबेंडरसारखा नट घेतला. खेळात खेळाडूचे तास जातात ते जुन्या शहरांच्या भिंती चढण्यात, कौलांवरून पळण्यात, उंच मनोऱ्यावरून खाली झोकून देण्यात. चित्रपटाने पंधराव्या शतकातलं स्पेन हाताशी असताना बराचसा काळ आजच्या माद्रिदमधल्या प्रयोगशाळेत घालवला, कारण खेळाच्या कथेचा सांगाडा तिथे होता. मालकी घरची होती, माहिती पक्की होती, तरी चूक तीच झाली. म्हणून सूत्रं कोणाच्या हातात यापेक्षा त्या हातांना खेळात काय महत्त्वाचं वाटतं, हे आधी पाहायला हवं.

एकच वस्तू दोन माध्यमांत कशी वागते हे पाहायचं असेल तर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मधला खंजीर घ्यावा. २००३ च्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ या खेळात राजपुत्राच्या हाती असा खंजीर येतो की, बटण दाबलं की काळ उलटा फिरतो. खेळाडूची उडी चुकते, राजपुत्र दरीत कोसळू लागतो, बोट बटणावर जातं आणि कोसळणारा देह उलट्या पावली कठड्यावर येतो. राजपुत्र आपलीच कहाणी सांगत असल्यामुळे, खेळाडू खरोखर मेला की तो स्वतःला दुरुस्त करतो: छे, असं घडलंच नव्हतं. चुकणं, मागे येणं आणि पुन्हा करणं या खेळण्याच्या मूलभूत क्रियेलाच इथे कथेचं रूप दिलं आहे. असा खेळ पटकथाकाराला आंदण मिळाल्यासारखा होता. शिवाय मूळ १९८९ च्या खेळासाठी जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्याचं आणि उड्या मारण्याचं चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राची चाल बेतली होती, म्हणजे या राजपुत्राच्या अंगात जन्मापासून चित्रफीत होती. २०१० मध्ये सुमारे २० कोटी डॉलर खर्चून चित्रपट आला, तेव्हा खंजीर ही सगळ्यांनी मिळून शोधायची मौल्यवान चीज झाली. तो कोणाकडे आहे, कोणाला हवा आहे, याच्यावर कथा चालली. काळ मोजक्याच वेळा मागे गेला. कथेतला खंजीर पडद्यावर आला, हातातला आलाच नाही.

याच काळात परवाना न घेता खेळाचं व्याकरण दुसऱ्यांनी आत्मसात केलं, ही या इतिहासातली गंमत आहे. मारिओच्याच वर्षी, १९९३ च्या फेब्रुवारीत, ‘ग्राउंडहॉग डे’ आला. त्याचा व्हिडिओ गेमशी काही संबंध नव्हता. पण एकच दिवस पुन्हापुन्हा जगणारा, मेला तरी सकाळी त्याच पलंगावर जागा होणारा आणि प्रत्येक फेरीत थोडं नवं शिकणारा नायक कोणत्याही खेळाडूने ओळखला असता. १९९८ मध्ये जर्मन दिग्दर्शक टॉम टिक्वर यांच्या चित्रपटाची नायिका लोला बर्लिनच्या रस्त्यांवरून तीन वेळा धावली. पहिल्यांदा हरली, दुसऱ्यांदाही हरली आणि दर फेरीत आधीच्या फेरीतलं काहीतरी अंगात मुरवून निघाली. तिचीच हिंदी आवृत्ती ‘लूप लपेटा’ २०२२ मध्ये गोव्यात धावली. हिरोशी साकुराझाका यांच्या जपानी कादंबरीवरून २०१४ मध्ये ‘एज ऑफ टुमॉरो’ आला. त्यात टॉम क्रूझ इतक्या वेळा मरतो की, मरण हा विनोद होतो आणि नंतर कौशल्य होतं. परवानाधारक चित्रपटांचे नायक मात्र अमर होते. त्यांना चुकणं कधी ठाऊकच नव्हतं आणि तेच तर खेळाडूंना सगळ्यांत जास्त परिचयाचं होतं.

मग खेळाडूची नजरच पडद्यावर का आणू नये? तसंही करून झालं. २००५ च्या ‘डूम’मध्ये सुमारे पाच मिनिटं कॅमेरा नायकाचे डोळे होतो. समोर बंदुकीची नळी, कोपऱ्याआडून राक्षस, गोळी, पुढचा कोपरा. मूळ खेळाची इतकी हुबेहूब नक्कल दुसरीकडे सापडणार नाही आणि तिचा परिणामही विचित्र आहे. मित्राच्या घरी गेलो आणि तो यंत्र सोडायला तयार नाही, तसं वाटतं. यावर कोणी म्हणेल की, आज असंख्य लोक दुसऱ्याचा खेळ आवडीने पाहतात. त्याच व्यवसायावर उभ्या राहिलेल्या ट्विचला अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये जवळपास शंभर कोटी डॉलर मोजले. खरं आहे. पण तिथे खेळणारा समोर असतो, बोलत असतो, घाबरतो, चिडतो आणि मुख्य म्हणजे हरू शकतो. ‘डूम’मधला नेम आधीच लिहून ठेवलेला होता. डोळे उसने देता येतात, जोखीम देता येत नाही.

आता राहिला तिसरा आक्षेप: हे सगळं जुन्या खेळांना लागू असेल, पण आताचे खेळ कथेने ओतप्रोत आहेत, त्यांची कथा जशीच्या तशी उचलली तर पुरे. याचं उत्तर ‘द लास्ट ऑफ अस’ने दिलं. २०१३ चा हा खेळ, २०२३ मध्ये एचबीओने त्याची मालिका केली. क्रेग मेझिन यांच्या जोडीला खेळाचे लेखक नील ड्रकमन स्वतः होते. कथा बऱ्याच अंशी तीच होती. तरी सर्वाधिक चर्चा झाली ती तिसऱ्या भागाची, जिथे मालिका खेळापासून दूर गेली. खेळात बिल हा एक तिरसट माणूस आहे, सापळ्यांनी वेढलेल्या गावात एकटा राहणारा. त्याच्या सोबतीच्या फ्रँकचा खेळाडूला फक्त मृतदेह आणि एक कडवट चिठ्ठी सापडते. खेळाडू पुढे पळण्याच्या गडबडीत असतो, त्याचा हात सामान गोळा करण्यात गुंतलेला असतो. त्या दोघांच्या घरात बसायला त्याला सवड कुठली? मालिकेने हात काढून घेतला आणि बदल्यात ती सवड दिली: वर्षानुवर्षांचा संसार, बागेतल्या स्ट्रॉबेरी, म्हातारपण, एकत्र घेतलेला निरोप. बिलच्या भूमिकेसाठी निक ऑफरमन यांना एमी मिळालं. मालिका आणि चित्रपट यांत वेळेचा फरक आहे हे मान्य, पण व्यवहार तोच. ज्याने खेळाडूचं चुकणं जपलं तोही तरला आणि खेळाडूला कधीच न लाभलेली फुरसत ज्याने दिली तोही तरला. बुडाला तो काहीही न देता नुसता घेणारा.

शेवटी पुन्हा मारिओ. २०२३ चा ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’ निन्टेंडो आणि इल्युमिनेशन यांनी मिळून केला. मियामोतो स्वतः एक निर्माते होते. त्याने जगभरात सुमारे १३६ कोटी डॉलर कमावले. यावर हरकत घेणारे म्हणतात की, ही कमाई कलेची नसून आठवणींची आहे. पहिल्या मारिओचे खेळाडू आता आईबाप झाले आणि मुलांना घेऊन थिएटरात गेले, इतकंच. समीक्षकांनीही चित्रपटाला कोमट दाद दिली, कथा पातळ असल्याची तक्रार केली. कथा पातळ आहे, हे मला मान्य आहे आणि हा चित्रपट थोर आहे असा माझा दावाही नाही. पण आठवण या शब्दाने प्रश्न सुटत नाही, कारण १९९३ मध्येही खेळ मुलांच्या हातात ताजा होता आणि तरी ती मुलं त्या चित्रपटाकडे फिरकली नाहीत. आठवण कसली, हे महत्त्वाचं. नव्या चित्रपटात ब्रुकलिनचे दोघे भाऊ कामावर पोचायला उशीर झाला म्हणून अर्धवट बांधलेल्या इमारतीतून धावत सुटतात, तेव्हा कॅमेरा बाजूला जाऊन उभा राहतो आणि सगळं जग डावीकडून उजवीकडे सरकू लागतं. पुढे राजकन्या मारिओला अडथळ्यांच्या वाटेवर उभं करते. तो पडतो. पुन्हा सुरुवातीला येतो, थोडा पुढे जाऊन पुन्हा पडतो, चेपला जातो, फेकला जातो, परत उभा राहतो. जेमतेम काही मिनिटांचा हा प्रसंग आहे आणि पटकथेच्या हिशेबात तो कुठलीही गाठ सोडवत नाही. पण थिएटरात बसलेल्या मोठ्या माणसांचे अंगठे त्या वेळी हलले असतील, तर नवल नाही. तीस वर्षांपूर्वी याच माणसाच्या उडीला शास्त्रीय खुलासा हवा म्हणून त्याच्या पायात बूट चढवले होते. या वेळी त्याच्या पायात साधे तपकिरी जोडे आहेत आणि उडी त्याला पहिल्या फटक्यात जमत नाही.